डायरेक्टरची सही

१२ फेब्रुवारी

आई,

वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं, ते खोडलं. ज्या जागेत बसून लिहिते आहे, तिथून तो शब्द हातून उतरेना.

तुम्ही फोन उचलत नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. इथे आठवड्यातून एकदा भिंतीवरच्या फोनपाशी उभं राहायला मिळतं, मागे रांग असते. रिंग वाजत राहते आणि मी ऐकत राहते. तुम्ही घरातच असता, ठमी जमिनीवर बसून काहीतरी कातरत असते, फोनवर परदेशातला नंबर दिसतो आणि तुम्ही तो पालथा घालून ठेवता. हे सगळं मला इथून दिसतं. शेवटी वकीलबाई म्हणाल्या, पत्र लिहा, मी पाठवते. त्यांच्या हातून गेलेलं पत्र इथे कोणी उघडत नाही. आणि त्यांना मराठी येत नाही.

तर, आम्हाला दोघांना पकडलं आहे. मी बायकांच्या तुरुंगात आहे, तुमचा मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला.

घाबरू नका. कागदपत्रांचा काहीतरी घोळ झाला आहे. कंपनीचं लायसन्स भिंतीवर फ्रेम करून लावलेलं होतं, मी ते रोज येता-जाता पाहत होते. मालक बाहेरगावी आहेत, ते परत आले की सगळं मिटेल.

पोलिस जेवणाच्या सुट्टीत आले. डबे उघडे होते. आमचा मजला तुम्ही पाहिला नाहीत. बाहेर 'सॉफ्टवेअर सल्ला' अशी पाटी, आत रांगेने टेबलं, खिडक्यांना दिवसाही पडदे. साध्या कपड्यातली माणसं काचेच्या दारातून आत आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, कीबोर्डवरचे हात उचला. मला वाटलं, आग लागल्याची तालीम आहे. तुमचा मुलगा उठून उभा राहिला आणि त्यांना म्हणाला, "बसा ना." सवय! घरी वसुलीवाला आला तरी तो आधी खुर्ची पुढे करायचा.

मालक सकाळीच दाढ दुखते म्हणून गेले होते. आता वाटतं, ती दाढ फार वेळेवर दुखली. आमचे पासपोर्ट त्यांच्या कपाटात असायचे, हरवू नयेत म्हणून. ते आता पोलिसांकडे आहेत.

ठमीला सांगा, आई कामात आहे. लवकर येईल.

तुमची सून


४ मार्च

आई,

मागच्या पत्रात घोळ, लायसन्स, मालक असं बरंच लिहिलं. ते विसरा. तुम्ही वाचलंच नसेल तर उत्तम.

निघायच्या आदल्या दिवशी मी तुमच्याशी भांडले होते. म्हटलं होतं, "आई, याला गेमिंग म्हणतात, जुगार नाही." तुम्ही म्हणालात, "सापाला दोरी म्हटलं म्हणून तो चावायचा राहत नाही. दोघं जाताय तर जा. पोर इथे राहील. आणि मला फोन करू नका." तेव्हा मला वाटलं, जुन्या वळणाची बाई, हिला काय कळतंय. कळत तर मलाही होतं आई. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

वकीलबाई समोर बसतात, मध्ये दुभाषी. दुभाषी म्हणजे एक म्हातारे गृहस्थ. मराठी येते, पण सगळी पुस्तकातली. मला 'आपण' म्हणतात. पहिल्या भेटीत गंभीर चेहऱ्याने विचारलं, "आपण द्यूतगृह चालवीत होता काय?" मला हसू आलं आणि मग ते थांबेचना. वकीलबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

त्यांनी समजावलं ते असं. लायसन्स खरं होतं, पण कुठल्यातरी बेटाचं. त्या बेटावर चालवायची परवानगी. इथून चालवायची नाही, आणि आपल्याकडच्या लोकांना खेळवायची तर कुठूनच नाही. म्हणजे सायकलचा परवाना दाखवून ट्रक चालवल्यासारखं. त्यामुळे गुन्हा इथेही आणि आपल्याकडेही. खेळणाऱ्यांचे पैसे तिकडे गरिबांच्या नावावरच्या, भाड्याने घेतलेल्या खात्यांत यायचे आणि चार हात फिरून इकडे पोचायचे. तो वेगळा गुन्हा, आणि सगळ्यात मोठा. व्हिसा सॉफ्टवेअरचा, तो तिसरा.

मी म्हटलं, "मला काही माहीत नव्हतं, असं सांगितलं तर?"

दुभाष्यांनी विचारलं, ऐकलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "वकीलमहोदया म्हणतात, नोकरास ठाऊक नसू शकते. संचालकास ठाऊक नसणे हाच अपराध."

संचालक मी आहे, आई. कंपनी माझ्या नावावर आहे. तुमचा मुलगा कागदावर नुसता पगारी माणूस.

त्याच्या नावावर आधीची एक बुडालेली कंपनी होती, म्हणून मालक म्हणाले, वहिनींचं नाव घालू. मी त्याला विचारलं, "यात लफडं नाही ना काही?" तो म्हणाला, "असतं तर तुझं नाव घातलं असतं का?" मी हसले आणि सही केली. सही माझीच आहे. कागद वाचून केली. पहिली दोन पानं समजली. पुढची समजून घ्यायची नव्हती. त्या महिन्यापासून मला खिडकीजवळचं टेबल मिळालं आणि सगळे 'मॅडम' म्हणायला लागले.

हे तुम्हालाच सांगते आहे. वकीलबाईंना सांगितलेलं नाही. सांगायला तोंड उघडलं तर दुभाष्यांमार्फत निरोप आला, "सही आपली आहे काय हे आम्ही आपणास विचारीत नाही. आपणही सांगू नये." मूळ कागद मालक घेऊन पळाला आहे, कोर्टापुढे नुसता फोटो आहे. त्यावरून अक्षर ओळखणाऱ्यालाही खात्रीने काही सांगता आलेलं नाही. म्हणून मी गप्प राहायचं.

ठमीला कामाचं सांगितलंत का? तिला खरं वाटलं का?


२७ मार्च

आई,

आज तुमचा मुलगा दिसला.

कोर्टाची खोली लहान आहे, दवाखान्यात नंबर लावून बसतो तशी. त्याला दुसऱ्या दाराने आणलं. वाळला आहे. दाढी वाढलीय, पण भांग पाडलेला. मी हात वर केला. त्याने पाहिलं आणि मग दिव्याकडे पाहत राहिला.

त्याचा वकील वेगळा आहे. महागातला, घड्याळवाला. त्याचे पैसे कोण देतं ते कोणी बोलत नाही, पण मालकच देत असावा, तो कुठे लपलाय ते तुमच्या मुलाने सांगू नये म्हणून. त्या वकिलाने विचारलं, कंपनी कोणाची? तुमच्या मुलाने खिशातून कागद काढला आणि वाचला: "कंपनी माझ्या पत्नीची आहे. मी तिच्या हाताखाली नोकरी करत होतो. निर्णय तीच घ्यायची."

दुभाषी माझ्या कानाशी होते. ते सांगता सांगता थांबले. म्हटलं, "सांगा ना." तर म्हणाले, "हे आपण ऐकलेच असेल." खरंच होतं, तो मराठीतच बोलला होता. दुभाष्याची गरज बाकीच्यांना होती.

आई, आमच्या घरात टीव्ही कुठला घ्यायचा हेसुद्धा मी ठरवलं नाही कधी. पडद्याचा रंग विचारला तर तो म्हणायचा, तुला काय कळतंय. आणि आज बघा, मी एवढी मोठी बाई झाले. निर्णय घेणारी.

परत आणताना गाडीत माझ्या शेजारी एक केस कापणारी बाई होती, दुकानातून चोरी केली म्हणून धरलेली. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहून हाताने विचारलं, नवरा? मी मान हलवली. तिने खिडकीबाहेर थुंकल्यासारखं केलं. आम्हा दोघींना एकमेकींचा एक शब्द येत नाही.

डायरेक्टरला जास्तीत जास्त बारा वर्षं. ठमी तेव्हा अठरा वर्षांची असेल. मी हा हिशेब करायचा नाही असं ठरवलं होतं.

तुमच्या मुलाबद्दल असं लिहिलं म्हणून रागावू नका. रागावायचं असेल तर पत्राने रागवा. निदान अक्षर दिसेल.


२० मे

आई,

इतके दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही.

सरकारी वकिलांनी आमच्या चॅटचे कागद वाचले. मी तिथे काय काम करत होते ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही विचारलंही नाहीत. मराठीतून तक्रारी यायच्या, त्यांना उत्तरं देणाऱ्या मुलींची मी प्रमुख होते. उत्तरं तयारच असायची, नंबर घातलेली. कोणी म्हणालं पैसे अडकले, की हा नंबर. कोणी शिव्या दिल्या, की तो. कोणी रडलं, तर त्यालाही नंबर होता.

एक रंगारी होता. घरं रंगवणारा. सुरुवातीला जिंकला, सुरुवातीला सगळेच जिंकतात, ती सोय असते. मग हरत गेला. रोज लिहायचा. मुलींना आवरेना म्हणून त्याला मी घेतला. तो कामाच्या जागेवरून लिहायचा, बोटाला रंग असला की अक्षरं चुकायची आणि तो लगेच माफी मागायचा. शेवटी त्याने लिहिलं, "ताई, तुम्ही माणूस आहात का मशीन? माणूस असाल तर एकदा फक्त हो म्हणा."

सरकारी वकिलांनी ते त्यांच्या भाषेत वाचलं. दुभाष्यांनी मला ते उलटं मराठीत सांगितलं, "भगिनी, आपण मनुष्य आहात की यंत्र?" एरवी मला हसू आलं असतं.

मग माझं उत्तर वाचलं. "तुमची अडचण आम्ही समजू शकतो. आजच्या खास बोनसचा जरूर लाभ घ्या." ते आधी त्यांच्या भाषेत, मग माझ्या कानात. माझंच वाक्य, दोन समुद्र ओलांडून परत आलं.

त्याच्या बायकोने तिकडे तक्रार दिली आहे. तो शिडी आणि ब्रश कामाच्या जागेवर ठेवून निघून गेला, तो अजून सापडलेला नाही. न्यायाधीशबाईंनी मला विचारलं, हे तुम्हीच लिहिलंत का? सहीबद्दल गप्प राहायचं होतं, याबद्दल कोणी काही शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, हो.

आई, तो शेवटचा मेसेज वाचला तेव्हा मी डबा उघडत होते. उत्तर पाठवलं आणि जेवले. हे कोर्टाने विचारलं नाही. मी तुम्हाला सांगते आहे.

दुसरी बातमी तुम्हाला माझ्याआधी कळली असेल. वकीलबाईंनी आपल्याकडून आलेली गोठवलेल्या खात्यांची नोटीस दाखवली. तुमचं पेन्शनचं खातं त्यात आहे. तुमच्या मुलाने मागे एकदा तुमच्या खात्यात पैसे टाकले, तुम्ही त्याच दिवशी परत पाठवलेत. परत पाठवलेत म्हणून कागदावर तुमचं नाव दोनदा आलं. एकदा येताना, एकदा जाताना. ठेवून घेतले असतेत तर एकदाच आलं असतं. प्रामाणिकपणाची अशी शिक्षा असते, हे मला आपल्या घरात राहून कळायला हवं होतं.

घर कशावर चालवताय? ठमीची फी? कोणाकडून उसने घ्यावे लागताहेत का? तुम्ही आयुष्यात कोणापुढे हात पसरला नाहीत. हेड नर्स असताना डॉक्टर तुम्हाला उठून खुर्ची द्यायचे, हे मी लग्नानंतर तुमच्या हॉस्पिटलात तपासून घ्यायला आले होते तेव्हा पाहिलं आहे. आता पोलिस दाराशी येतात, शेजारी गॅलरीत उभे राहतात.

मला हल्ली झोपायचं असतं, बस्स. जेवण लोखंडी ताटात येतं, परत जातं. पहारेकरीण नोंद करते. ठमीला आता काय सांगता? काही सांगू नका. आई होती म्हणून सांगा.


२९ जून

आई,

हे तुम्ही काय केलंत?

आज सकाळी कोर्टात नेलं तेव्हा वकीलबाईंचा चेहरा वेगळाच होता. म्हणाल्या, आज तुम्ही काहीही झालं तरी बोलायचं नाही. मग कारकुनाने एक कागद वाचायला घेतला. वकिलातीमार्फत आलेलं प्रतिज्ञापत्र. दुभाषी कानात सांगायला लागले, "मी, निवृत्त मुख्य परिचारिका, शपथेवर असे कथन करते की…" आणि मला तुमचा आवाज ऐकू आला. दीड वर्षानंतर. त्या म्हाताऱ्याच्या तोंडून.

"तपास अधिकाऱ्यांनी माझ्या घरी येऊन मला कंपनीच्या कागदावरची सही दाखवली. ती माझ्या सुनेची नाही. ती माझ्या मुलाच्या हातची आहे. मी त्याचं अक्षर ओळखते. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर तो वडिलांची सही करत असे, तेव्हापासून ओळखते."

आई, मी तुम्हाला लिहिलं होतं. सही माझी आहे. मार्चमध्येच लिहिलं होतं. पत्रं पोचली नाहीत का? का न वाचता ठेवलीत?

न्यायाधीशबाईंनी तुमच्या मुलाला उभं केलं. त्याचा घड्याळवाला वकील घाईघाईने काहीतरी सांगत होता, त्याने त्याच्याकडे पाहिलंच नाही. बाईंनी विचारलं, "तुमच्या आईचं म्हणणं तुम्हाला मान्य आहे का?"

त्याने खिशातला कागद चाचपला आणि तसाच ठेवला. मग म्हणाला, "आई म्हणते ते बरोबर आहे."

"म्हणजे सही तुम्ही केलीत?"

"हो. तिला ठाऊक नव्हतं."

"मग आधी वेगळं का सांगितलंत?"

"घाबरलो होतो."

मी त्याच्या मागे दोन हातांवर बसले होते. खोटं बोलताना याचे कान लाल होतात, असं तुम्ही म्हणायचात. लाल झाले होते, आई. कोणाला कळलं नाही. कळणारी मी एकटीच होते.

आणि मी बोलले नाही. वकीलबाईंनी माझं मनगट धरून ठेवलं होतं, असं मी सांगू शकते. पण त्यांनी फार घट्ट धरलं नव्हतं. नुसतं उठून 'नाही' म्हणायचं होतं, दुभाष्याचीही गरज नव्हती. मी खाली पाहत बसले. माझ्या चपलेचा अंगठा तुटलाय, त्याच्याकडे.

जाताना तो वळला. मार्चपासून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "ठमीचे दात पडायला लागलेत म्हणे." एवढंच.

म्हणजे तुमचं आणि त्याचं बोलणं झालं आहे. माझा फोन तुम्ही उचलला नाहीत.


१६ जुलै

आई,

निकाल लागला.

त्याला नऊ वर्षं. कंपनी चालवली म्हणून, पैसे फिरवले म्हणून, बायकोची खोटी सही करून तिला अडकवलं म्हणून. शेवटच्या गोष्टीची तीन वर्षं वेगळी मोजली आहेत. न्यायाधीशबाई म्हणाल्या, कुटुंबातल्या माणसाचा विश्वास वापरून केलेला गुन्हा जास्त गंभीर धरावा लागतो.

मला नोकर म्हणून सहा महिने. ते जवळजवळ भोगून झालेत. ऑगस्टअखेर मला देशाबाहेर काढतील, पुन्हा इथे पाय ठेवायचा नाही. म्हणजे त्याला भेटायलासुद्धा येता येणार नाही, नऊ वर्षं.

वकीलबाईंनी मला मिठी मारली. त्यांना वाटतं, जिंकलो. मी विचारलं, विमानातून उतरल्यावर काय? त्या म्हणाल्या, तिथे तुमच्यावर वेगळा गुन्हा आहे, दाराशीच ताब्यात घेतील. इथली शिक्षा तिथे वजा होईलच असं नाही. जामीन मिळेल, कदाचित लवकर, कदाचित नाही. रंगाऱ्याची बायको साक्षीदार आहे. तिच्यासमोर मला उभं राहावं लागेल, आणि तिथे मध्ये दुभाषी नसेल.

आता विचारायचं ते विचारते. अपिलाला अजून मुदत आहे. मी न्यायाधीशांपुढे जाऊन सही माझी आहे असं सांगितलं, तर त्याची ती तीन वर्षं जातील, कदाचित आणखीही. माझी वाढतील. वकीलबाईंना नाही विचारत, त्या वेड्यात काढतील. त्याला विचारायची सोय नाही. मला त्याचा राग होता, आई. मार्चपासून रोज रात्री मी त्याला नाही नाही ते बोलायचे, भिंतीकडे तोंड करून. तो राग होता तोवर बरं होतं. आता तोही नाही. रिकाम्या भांड्यासारखं झालंय, काही टाकलं की नुसता आवाज येतो.

तुम्ही सांगाल तसं करीन. एकदा तरी लिहा. एक ओळ.

तुमची सून


१ ऑगस्ट

सूनबाई,

तुझी सगळी पत्रं मिळाली. वाचून ठेवली आहेत. पहिलं दोनदा वाचलं, कारण ते सबंध खोटं होतं. दुसऱ्यापासून तू खरं लिहायला लागलीस, म्हणून पुढची वाचली.

सही कोणाची आहे ते मला माहीत आहे. तू लिहिलंस, आणि पोलिसांनी फोटो दाखवला तेव्हा मी पाहिलंही. सात वर्षं माझ्या घरातल्या डब्यांवर तुझ्या हातच्या चिठ्ठ्या होत्या, तुझं अक्षर मला कळणार नाही? प्रगतिपुस्तकाची गोष्टही खोटी. त्याने कधी वडिलांची सही केली नाही. मार्क कमी पडले की मार खायचा, पण पुस्तक माझ्याच हातात आणून द्यायचा. असं पोर होतं ते. पुढे काय बिघडलं ते मला सांगता येत नाही.

तुरुंगातून त्याचा फोन यायचा, तोही मी उचलत नव्हते. जूनमध्ये उचलला. म्हणाला, "आई, मी तिच्यावर ढकललं ते वकिलाने शिकवलं म्हणून." मी म्हटलं, "ते कळलं मला. आता मी शिकवते ते म्हण." त्याने विचारलं, "किती वर्षं वाढतील?" म्हटलं, "वाढतील." मग तो ठमीबद्दल विचारत राहिला. वेळ संपला तेव्हा तिच्या दातांचं बोलत होता.

मला पोटात गाठ लागते आहे. डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितलाय. मी छत्तीस वर्षं वॉर्डात काढली, मला फोटोची गरज नाही. पोर सहा वर्षांची आहे. तुम्हा दोघांपैकी एकालाच लवकर आणता येण्यासारखं होतं. मुलीला बापापेक्षा आई लागते असं काही मला वाटत नाही, तसली वाक्यं मी बोलत नाही. पण तुझ्यावर ढकलणं मला शक्य नव्हतं. तू दुसऱ्याची मुलगी. सगळं तूच चालवायचीस असं दुसऱ्याच्या मुलीवर खोटं कुभांड घातलं असतं तर मला वर तोंड दाखवता आलं नसतं. तो माझा आहे. माझं ते मी दिलं.

तेव्हा तू न्यायाधीशांपुढे जाऊ नकोस. आता खरं बोललीस तर आपण तिघंही खोटी ठरू, आणि पोरीजवळ कोणी उरणार नाही. खरं बोलायची हौस असेल तर इथे ये आणि त्या रंगाऱ्याच्या बायकोसमोर बोल. ती एकदा माझ्याकडे आली होती. मी तिला घरात घेतलं, पाणी दिलं. ती बराच वेळ बसली, जाताना पेला स्वतः विसळून ठेवला.

मी विमानतळावर येणार नाही. जामीन मिळाला की घरी ये, तुझी खोली झाडून ठेवली आहे. माझे आभार मानू नकोस आणि माफी मागू नकोस. काही दिवस माझ्याशी बोलूही नकोस. तुला पाहिलं की मला तो दिसेल, आणि त्यात तुझा दोष नाही हे मला समजेपर्यंत वेळ लागेल. तेवढा वेळ आहे का ते बघू.

ठमीला सगळं सांगितलं आहे. आई येते आहे आणि आल्याबरोबर पोलिस तिला नेतील. ती म्हणाली, "मग मी तिला बघणार कुठे?" म्हटलं, कोर्टात. तिने विचारलं, तिथे काय घालून जायचं असतं. निळा फ्रॉक धुऊन ठेवला आहे. कोर्टात रडायचं नसतं, हे मी तिला रोज थोडं थोडं शिकवते आहे. अजून जमत नाही तिला. तू तेवढं शिकून ये.